गणिताच्या तासाला 'का?' विचारण्याचा हक्क

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. 'पोरगं गणितात गेलं.' इतिहासात गेले, मराठीत गेले असे क्वचितच कोणी सांगतो. आणि गणितात गेलेल्या मुलाचे आईवडील चिडत नाहीत, शाळेत जाऊन जाब विचारत नाहीत. 'आपल्यात कुणाला जमलंय गणित, ते त्याला जमावं?' असे म्हणून ते स्वतःचीच समजूत घालतात. नापासाच्या शिक्क्यापेक्षा हे वाक्य जास्त घातक आहे. ज्यांना शेकडो वर्षे बजावले गेले की ज्ञान तुमच्या वाट्याचे नाही, त्यांच्याच तोंडून आज तेच वाक्य बाहेर पडते. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पण तिची धग या एका वाक्यात अजून शिल्लक आहे.

आपल्या मुलांना खरेच गणित जमत नाही काय? कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या गावांत विहारांमधून, समाजमंदिरांमधून संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात. तेथे बसणाऱ्या मुलांशी जरा मोकळेपणाने बोलले की वेगळेच चित्र दिसते. ही मुले प्रश्न विचारतात, आणि फार मूलभूत प्रश्न विचारतात. 'एकोणतीसमध्ये दोन आणि नऊ आहेत, मग आपण एक का म्हणतो?' 'शून्याने भागायचे नाही म्हणतात, भागले तर काय होते?' 'वजा गुणिले वजा अधिक कसे होते?' 'गुणाकाराने संख्या वाढते ना, मग अर्ध्याला अर्ध्याने गुणल्यावर पाव का येतो?' 'भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?' आणि शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न, 'याचा आपल्याला उपयोग काय?'

यातला एकही प्रश्न मठ्ठ डोक्यातून आलेला नाही. जे मूल मुकाट्याने 'वजा वजा अधिक' घोकते ते परीक्षेत पास होईल. पण जे मूल 'का?' म्हणते तेच खरे गणित करीत असते. दुर्दैव असे की या प्रश्नांना बहुतेक वर्गांत तीन-चार ठरावीक उत्तरे मिळतात. 'असंच असतं.' 'नियम आहे, पाठ कर.' 'परीक्षेला विचारत नाहीत.' किंवा 'आधी सतराचा पाढा म्हण, मग प्रश्न विचार.' पहिल्यांदा असे उत्तर मिळाले की मूल खट्टू होते. दहाव्यांदा मिळाले की ते विचारायचे सोडते. त्यानंतर आपण म्हणतो, याला गणित जमत नाही.

तथागत बुद्धांनी केसपुत्त गावातील कालामांना काय सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. स्वतः तपासून पाहा. शाळेतील कोणता विषय या कसोटीला सर्वांत जास्त उतरतो? गणितच. इतिहासात साधनांवर विसंबावे लागते, विज्ञानात प्रयोगशाळा लागते. गणितात गुरुजींचे मोठेपण, घराण्याचे नाव, ग्रंथाचे पावित्र्य यांतले काहीच कामाला येत नाही. कोणाही मुलाने कागद-पेन्सिल घेऊन पायरी पायरीने तपासावे आणि चूक सापडली तर ती प्रत्यक्ष गुरुजींचीही दाखवावी. इतका लोकशाहीवादी विषय दुसरा नाही. आणि नेमका तोच विषय आपल्या शाळांत 'बाबा वाक्यं प्रमाणम्' या पद्धतीने शिकवला जातो, हा केवढा मोठा विरोधाभास आहे!

हा विरोधाभास आजचा नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला आणि त्याला दान मिळाले, अशी इ.स. १२०७ ची ती नोंद आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत प्रश्नच प्रश्न आहेत, आणि ते एका मुलीला उद्देशून घातलेले आहेत. ही परंपरा अभिमानाची म्हणून सांगितली जाते. पण ज्या समाजव्यवस्थेत स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना अध्ययनाचाच अधिकार नव्हता, त्या व्यवस्थेत हे प्रश्न कोणाच्या कानांपर्यंत पोहोचत होते? ग्रंथात मुलीला प्रश्न विचारायचे आणि गावात मुलीला अक्षर शिकू द्यायचे नाही, हा आपला इतिहास आहे.

मठातले गणित सोडा, गावातले गणितही आपल्या हाती नव्हते. गावाचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाकडे किती बाकी, सारा किती भरला, हे सगळे त्याच्या मोडी कागदांत. शेतकऱ्याने किंवा महाराने 'हा आकडा कसा आला?' असे विचारण्याची सोय नव्हती, कारण आकडा वाचताच येत नव्हता. राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी हे दुखणे बरोबर ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेब शिकवला पाहिजे, अशी मागणी त्यांनी केली. हिशेब म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी नव्हे. हिशेब म्हणजे हिशेब मागण्याची ताकद.

आमच्या कोल्हापूरने ही ताकद प्रत्यक्ष वाटून दाखवली. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य तरुणांनाही तलाठीकीचे शिक्षण देऊन त्या जागांवर बसवले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरकारी शाळांत एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. तलाठी होणे म्हणजे काय, याचा विचार करा. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता त्याच्या हातात गावाचे हिशेबाचे दप्तर गेले. ही क्रांती गणिताच्या पायावर उभी होती.

परंतु कायद्याने वर्गाचे दार उघडले म्हणजे फळा मोकळा होतो असे नाही. बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या चरित्रातला एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. गणित सोडवण्यासाठी शिक्षकांनी भीमरावांना फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला हात लावण्याआधी ती मुले धावत गेली आणि आपापले डबे त्यांनी बाजूला केले. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो. तो गणित-शिक्षणाचेही उदाहरण आहे. ज्या मुलाचे लक्ष त्या क्षणी फक्त गणिताकडे असायला हवे होते त्याच्या वाट्याला आधी अपमान आला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आज एवढ्या गुणांवर त्या मुलाला आपण काय म्हणालो असतो? त्याच भीमरावांनी पुढे १९१८ मध्ये भारतातील लहान धारण-जमिनींवर निबंध लिहिला आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवली. आकड्यांवर त्यांची हुकमत होती म्हणून साम्राज्याच्या चलनाचा हिशेब ते मागू शकले.

म्हणून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत. वकिलीच्या धंद्यात एक सवय लागते. कोणताही नियम समोर आला की पहिल्यांदा पाहायचे, हा कोणी तरी ठरवलेला आहे, की पुराव्याने सिद्ध झालेला आहे? आणि त्यानंतर पाहायचे, तो लागू केल्यावर फायदा कोणाचा होतो? गणितातल्या प्रश्नांनाही हीच चाळणी लावली तर बराच गोंधळ कमी होतो.

काही गोष्टी माणसांनी ठरवलेल्या असतात. 'कंचेभागुबेव' घ्या. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. २ + ३ × ४ याचे उत्तर १४ का, २० का नाही? कारण सगळ्यांनी मिळून तसा संकेत मान्य केला आहे, म्हणजे एकाने लिहिलेले दुसऱ्याला तसेच वाचता येते. रस्त्याने डाव्या बाजूने चालण्यासारखे हे आहे. ते पाठ करण्याला हरकत नाही. पण तो देवाने घातलेला नियम नाही, माणसांचा करार आहे, हे मुलाला सांगितले पाहिजे.

संख्यांची नावेही अशीच. एकोणतीस म्हणजे एक-ऊन-तीस, तिसाला एक कमी. हे एकदा सांगितले की मुलाचा चेहरा उजळतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, 'मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?' त्याला तर्काचे उत्तर नाही. भाषा तशी घडत गेली एवढेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', बावीसबरोबर 'वीस दोन' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही त्यावर कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर (त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले) समजावून सांगत होत्या की आधी एकक आणि मग दशक बोलायचे व लिहिताना उलट क्रमाने लिहायचे, शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरे उच्चारायची, यात लहान मुले अडखळतात. जुनी नावे कोणी काढून टाकली नव्हती. आपल्या शेजारचा कानडी मुलगा एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतो, म्हणजे वीस-एकच. त्याची भाषा त्यामुळे बुडाली नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पाढे म्हटले जातात त्यांना ही अडचण जाणवत नाही. ज्याच्या घरात पहिलेच मूल शाळेत गेले आहे त्याच्यासाठी ती पहिली ठेच असते. वाद भाषेच्या अस्मितेचा झाला; अडखळणाऱ्या मुलाची बाजू कोणी मांडली नाही.

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न पुराव्याचे आहेत. शून्याने का भागायचे नाही? सहाला दोनाने भागले तर तीन येतात, कारण तीन दुणे सहा. आता सहाला शून्याने भागून जे उत्तर येईल त्याला शून्याने गुणल्यावर सहा यायला हवेत. पण शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच येते. म्हणजे असे उत्तर असूच शकत नाही. आणि शून्याला शून्याने भागले तर? तेथे कोणतीही संख्या चालते, म्हणून एक उत्तर ठरत नाही. म्हणून ती क्रिया आपण मान्य करीत नाही. यात मनाई करणारा कोणी शास्त्री नाही, तर्कच मनाई करतो. मुलांना हेही सांगावे की ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असे लिहिले होते आणि ते पुढे टिकले नाही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला अनंत मानले. आजचे अंकगणित तेही उत्तर म्हणून स्वीकारत नाही. मोठी माणसे चुकली म्हणून त्यांचे मोठेपण कमी होत नाही; पण ग्रंथात आहे म्हणून ते खरेच, असेही ठरत नाही. कालामांना सांगितलेली गोष्ट ती हीच.

वजा गुणिले वजा अधिक का? मराठीत आपण वजा संख्येला 'ऋण संख्या' म्हणतो. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्तानेही धन आणि ऋण हेच शब्द वापरले आहेत. तुमच्या डोक्यावर शंभर-शंभर रुपयांची तीन कर्जे आली तर तुम्ही तीनशेने खाली गेलात. तीच तीन कर्जे कोणी काढून घेतली तर तीनशेने वर आलात. काढून घेणे ही एक वजाबाकी, कर्ज ही दुसरी. मिळून वाढ झाली. ज्याला आणखी पक्का पुरावा हवा त्याला पायऱ्या दाखवाव्यात. वजा दोनाला दोनाने गुणले की वजा चार, एकाने गुणले की वजा दोन, शून्याने गुणले की शून्य. दर पायरीला दोन वाढत आहेत. पुढची पायरी वजा एकाची. तेथे अधिक दोन आले तरच क्रम टिकतो. कर्ज काय असते हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. शिकवायचे असते ते एवढेच की घरात रोज बोलला जाणारा तो शब्द आणि पुस्तकातले वजाचे चिन्ह हे एकच आहेत.

अपूर्णांकाचा भागाकार? सहा भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, किती जणांना पुरतील? बारा. म्हणजे सहा भागिले अर्धा बरोबर बारा. एका भाकरीचे दोन अर्धे होतात, म्हणून दोनाने गुणले. 'उलटा करून गुणा' याचा अर्थ तोच. हे सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि न सांगितल्यामुळे पाच वर्षे वाया जातात.

आता तिसरा प्रश्न, उपयोग काय? येथे आपण मुलांना 'गणिताने बुद्धी तल्लख होते' असे गुळमुळीत उत्तर देतो. खरे उत्तर जास्त धारदार आहे.

आजोबांची चार एकर जमीन, म्हणजे १६० गुंठे. तीन वारस, प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. त्यांतल्या एकाला दोन मुलगे आणि दोन मुली. एक तृतीयांशाचा एक चतुर्थांश म्हणजे एक बारांश, म्हणजे १३ पूर्णांक एक तृतीयांश गुंठे. गुणाकार केला आणि संख्या कमी झाली, कारण येथे गुणिले म्हणजे 'चा'. कंचेभागुबेवमधला 'चे' तो हाच. आता मुलींनी हक्कसोडपत्रावर सही केली तर प्रत्येक भावाचा हिस्सा दुप्पट होतो, २६ पूर्णांक दोन तृतीयांश गुंठे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण कचेरीत बहिणीला बोलावतात, कागद पुढे ठेवतात, ती सही करते. आपण किती सोडतो आहोत हे तिला कोणी सांगत नाही. सातवीतल्या अपूर्णांकाचे उत्तर तिला येत असते तर निदान तिने पेन उचलण्याआधी विचार केला असता.

वस्तीत गटाचे कर्ज घेणाऱ्या आमच्या भगिनींना सांगितले जाते, 'व्याज फक्त बारा टक्के.' बारा हजारांचे कर्ज, बारा महिन्यांत फेड, व्याज १,४४०, म्हणजे महिन्याला १,१२० चा हप्ता. हिशेब सरळ दिसतो. पण मुद्दल दर महिन्याला हजाराने कमी होते आहे. पहिल्या महिन्यात बारा हजार, शेवटच्या महिन्यात एकच हजार. सरासरी तिच्या हातात राहिले साडेसहा हजार. साडेसहा हजारांवर १,४४० व्याज म्हणजे बावीस टक्क्यांच्या आसपास. सांगितले बारा, घेतले बावीस. शेकडेवारीच्या धड्यातले 'दर' आणि 'मुद्दल' हे शब्द ज्या मुलीला समजले ती आईजवळ बसून हा हिशेब मांडू शकते.

आणि चळवळीच्या वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण बिंदुनामावलीचे. विद्यापीठांतील प्राध्यापक-भरतीसाठी संपूर्ण संस्था हा एक घटक धरायचा की प्रत्येक विभाग वेगळा धरायचा, हा वाद आठवा. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हा घटक मानला, २०१८ च्या मार्चमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आरक्षणाचे टक्के कोठेही कमी झाले नव्हते. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींचे १५, जमातींचे साडेसात, इतर मागासांचे २७ टक्के कागदावर तसेच होते. मग लोक रस्त्यावर का आले? कारण एकाला ०.१५ ने भागले की ६.६७ येतात, म्हणजे अनुसूचित जातीची पहिली जागा सातवी. एकाला ०.०७५ ने भागले की जमातीची पहिली जागा चौदावी. इतर मागासांची चौथी. सहा-सहा जागांचे पाच विभाग असतील तर जागा तीस. संस्था एक घटक धरली तर अनुसूचित जातींना चार आणि जमातींना दोन जागा. विभाग घटक धरला तर सगळे विभाग भरले तरी दोघांनाही शून्य. सातवा बिंदू यायचा तो कोणी निवृत्त झाल्यावर. टक्के तेच, कायदा तोच, फक्त भागाकार कोठे करायचा ते बदलले आणि आमच्या सहा जागा गेल्या. आंदोलन झाले म्हणून मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि जुलै २०१९ मध्ये संसदेने संस्था हाच घटक मानणारा कायदा केला. पण हे आंदोलन उभे राहिले कारण कोणी तरी बसून तो भागाकार करून पाहिला होता. 'आपल्याला गणिताचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर द्या.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढे आलेली एक तरतूद पाहिली पाहिजे. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचवले गेले की दहावीत गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा राहील आणि गणित-विज्ञानावर आधारित शिक्षणाची वाट त्याला बंद होईल. ज्याला हे नको त्याने पुन्हा परीक्षा द्यावी. यामागचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. एका विषयापायी मुले शिक्षणच सोडतात, मुलींची लग्ने लावून दिली जातात, हे आपल्या घरांतले वास्तव आहे. नापासाचा शिक्का जावा ही मागणी आपलीही आहे.

परंतु हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडेल? ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे आहेत त्यांच्या मुलांच्या? मुळीच नाही. तो पडेल ज्यांच्या प्रश्नांना पाचवीपासून कोणी उत्तर दिले नाही त्यांच्यावर. शिवाय गणित दहावीत सुटले म्हणून आयुष्यातून सुटत नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. तलाठी भरतीच्या परीक्षेत अंकगणित व बौद्धिक चाचणीचे प्रश्न आहेत. ज्या तलाठीच्या खुर्चीवर शाहू महाराजांनी आपल्या पूर्वजांना बसवले, तिच्या दारात आपला मुलगा विसाव्या वर्षी तोच न सुटलेला अपूर्णांक घेऊन उभा राहील. सवलत द्यायची तर तिच्याबरोबर शिकवण्याची हमी द्या. उत्तर न देता सुटका करणे ही मेहेरबानी नव्हे, ती मुलाला हळूच वर्गाबाहेर काढण्याची सभ्य रीत आहे.

शिक्षकांनाच सगळा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. एका वर्गात साठ मुले, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे, शिक्षणसेवकाच्या तुटपुंज्या मानधनावर काढलेली उमेदीची वर्षे आणि वरून अभ्यासक्रम पुरा करण्याचा तगादा. अशा शिक्षकाला 'का?' हा प्रश्न अडथळा वाटला तर नवल नाही. त्याला स्वतःलाही बहुधा कोणी उत्तर दिलेले नसते. म्हणून मागणी व्यवस्थेकडे करायची आहे.

आणि ही मागणी भिकेची नाही, कायद्याची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम २९ सांगते की अभ्यासक्रम संविधानाच्या मूल्यांशी सुसंगत असावा, मुलांनी कृतीतून आणि शोधातून शिकावे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकावे, आणि मूल भय व दडपण यांपासून मुक्त होऊन आपले मत मोकळेपणाने मांडू शकावे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. प्रश्न विचारला म्हणून वर्गासमोर मुलाची टिंगल करणे हे शिस्तीत बसत नाही, ते कायद्याच्या विरुद्ध आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१(क) ने तर शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. नागरिकाचे कर्तव्य असलेली गोष्ट विद्यार्थ्याने केली तर ती उद्धटपणा कशी ठरते?

याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात असे आहे. किती गावांत आपले पालक या समितीत आहेत? असतील तर सहीपुरते की बोलण्यापुरते? पुढच्या बैठकीत खिचडी आणि रंगरंगोटी यांबरोबर एक विषय मांडा. गणिताच्या तासाला आमची मुले प्रश्न विचारतात का, आणि त्यांना उत्तर मिळते का? तीन चतुर्थांश म्हणजे बारापैकी नऊ, एवढे गणित सर्वांना येते. नऊ जणांनी विचारले तर ऐकावेच लागेल.

दुसरे काम आपल्या विहारांचे. आठवड्यातून एक तास मुलांना फक्त प्रश्न लिहू द्यावेत. उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. आपल्या समाजात आज इंजिनिअर आहेत, बँकेत काम करणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, पदवीच्या वर्गातल्या मुली आहेत. जयंतीला वर्गणी देऊन त्यांचे कर्तव्य संपत नाही. त्यांनी महिन्यातून दोन संध्याकाळी फळ्यापाशी उभे राहावे. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पुढच्या वेळी सांगतो' असे म्हणावे. मुलाच्या लेखी तेही मोठे शिक्षण आहे.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'शिका' हा आहे. त्याचा अर्थ आपण पदव्या असा लावला. पदव्या हव्यातच. पण ज्याने आयुष्यात कधी 'हा आकडा कसा आला?' असे विचारले नाही तो पदवीधर झाला तरी कुलकर्ण्याच्या दप्तरासमोर हात जोडून उभ्या असलेल्या त्या माणसाहून फारसा वेगळा नाही. दप्तर आता संगणकात गेले आहे, मोडी जाऊन टक्केवारी आणि बिंदू आले आहेत. हिशेब मागण्याची सवय लहानपणी लागते, आणि ती लावण्याची हक्काची जागा गणिताचा वर्ग हीच आहे. तेथे आपले मूल हात वर करून 'का?' म्हणाले तर त्याला खाली बसवू नका.

जय भीम.